हानेडाचा मेगाफोन: उड्डाणापूर्वीच्या तपासणीचं एक प्रकरण

2 जानेवारी 2024. संध्याकाळी 5 वाजून 47 मिनिटांनी जपान एअरलाइन्सचं उड्डाण 516 टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरलं आणि धावपट्टीवर उभ्या असलेल्या जपानी तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. साप्पोरोजवळच्या न्यू चितोसेहून आलेलं हे एअरबस ए350-900. आत 367 प्रवासी, त्यांत 8 तान्ही बाळं, आणि 12 कर्मचारी: कॉकपिटमध्ये तिघं, केबिनमध्ये नऊ जण. टक्कर होताच आग लागली. विमान पेटलेल्या अवस्थेत धावपट्टीवर एक किलोमीटरहून जास्त घसरत गेलं आणि उजवीकडे गवतात थांबलं. आतले सगळेच्या सगळे 379 जण जिवंत बाहेर पडले.

तटरक्षक दलाच्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. आदल्याच दिवशी नोटो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला होता आणि तिथल्या लोकांसाठी मदत घेऊन ते निघाले होते. या प्रकरणाबद्दल बोलताना ‘सगळे वाचले’ हे वाक्य फार सहज तोंडात येतं, म्हणून हे आधी सांगितलं.

टक्कर का झाली, टॉवरचा संदेश कसा समजला गेला, धावपट्टीवर उभं असलेलं विमान उतरणाऱ्या वैमानिकांना का दिसलं नाही, हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. तो मी इथे बाजूला ठेवते. केबिन क्रूच्या प्रशिक्षणात हे प्रकरण मी शिकवायला घेते ते एका छोट्या वस्तूसाठी, आणि ती वस्तू प्रवासी चढायच्या आधी कुणीतरी हातात घेऊन पाहिलेली असावी लागते म्हणून.

विमान थांबलं तेव्हा काय काय उरलं होतं, ते नीट पाहू. पुढचं चाक मोडल्यामुळे नाक जमिनीला टेकलेलं आणि शेपूट वर उचललेली. बाहेर दोन्ही बाजूंना ज्वाळा. टोकियोत जानेवारीच्या सुरुवातीला पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे बाहेर गडद अंधार. केबिनमध्ये धूर शिरायला लागलेला. आग लागल्याचं वैमानिकांना सुरुवातीला कळलं नव्हतं; ते केबिन क्रूने त्यांना सांगितलं. आणि पीए, म्हणजे केबिनभर घोषणा करायची यंत्रणा, बंद पडला होता. इंटरफोन, म्हणजे क्रूचा आपसातला फोन, तोही चालत नव्हता. म्हणजे पुढच्या दरवाज्याशी असलेल्या क्रूला मागच्या दरवाज्याशी असलेल्या क्रूशी बोलता येत नव्हतं, मागच्यांना कॅप्टनशी बोलता येत नव्हतं, आणि कॅप्टनला केबिनशी. ए350-900 जवळपास 67 मीटर लांब असतं. इतक्या लांब नळीत, धुरात, घाबरलेल्या साडेतीनशेहून जास्त माणसांमध्ये आवाज पोचवायचा होता.

तो पोचवला मेगाफोनने आणि उघड्या गळ्याने. कंपनीने दुसऱ्याच दिवशी तसं जाहीर केलं: घोषणा यंत्रणा बिघडल्यामुळे क्रूने मेगाफोन वापरून आणि ओरडून सूचना दिल्या.

आता जरा मागे जाऊ, प्रवासी चढायच्या आधीच्या त्या काही मिनिटांकडे.

ए350 सारखं विमान स्वतःवर सतत नजर ठेवून असतं. इंजिनाचं तापमान, टायरचा दाब, दरवाज्याची कडी, शौचालयातल्या टाकीची पातळी, सगळं मोजलं जातं आणि काही बिनसलं की पडद्यावर संदेश येतो. दरवाज्यातून उतरायच्या फुगणाऱ्या घसरगुंडीच्या, म्हणजे स्लाइडच्या, सिलिंडरमधला दाबसुद्धा नव्या विमानांत क्रूला पॅनेलवर दिसतो. मेगाफोनबद्दल मात्र विमानाला काहीही माहीत नसतं. त्याची बॅटरी उतरली, तो जागेवर नसला, कुणी दुसऱ्याच कप्प्यात ठेवून दिला, तरी एकाही पडद्यावर काही उमटत नाही. टॉर्चचं तसंच. धुरात घालायच्या टोपीचं, म्हणजे पीबीईचं तसंच. कुऱ्हाडीचं, फर्स्ट एड किटचं, सीटखालच्या लाइफ जॅकेटचं तसंच.

हे मुद्दाम तसं केलेलं आहे. विमानाची वीज गेली, तारा तुटल्या, संगणक मेले, तरी चाललं पाहिजे म्हणूनच ही साधनं विमानाला जोडलेली नसतात. प्रत्येकाची स्वतःची बॅटरी, स्वतःचा दाब, स्वतःचं सील. आणि जोडलेली नाहीत म्हणूनच त्यांची तब्येत विमानाला सांगता येत नाही. ती एकाच मार्गाने कळते: कुणीतरी जाऊन, वाकून, कप्पा उघडून, हात लावून बघायचं. नव्या मुलामुलींना उड्डाणापूर्वीची तपासणी हे जुन्या काळाचं उरलेलं काम वाटतं. एवढं आधुनिक विमान आणि आपण यादी घेऊन कप्पे उघडत फिरतोय, असं. माझं म्हणणं उलट आहे. विमान जितकं आधुनिक, तितकं त्यातलं सगळं एकमेकांशी जोडलेलं. आणि म्हणून न जोडलेल्या या थोड्या वस्तूंची किंमत जास्त.

मेगाफोनची तपासणी कशी करतात ते सांगते, कारण ती वाटते त्यापेक्षा नाजूक आहे. साधारण विमानांत एक मेगाफोन पुढे आणि एक अगदी मागे, क्रूच्या जंप सीटवरून (दरवाज्याजवळच्या घडीच्या आसनावरून) हात पोचेल अशा हॅटरॅकमध्ये, म्हणजे डोक्यावरच्या सामानाच्या जागेत, किंवा कप्प्यात ब्रॅकेटला अडकवलेला असतो. अमेरिकी आणि युरोपीय नियमांत 60 पेक्षा जास्त आसनं असतील तर एक आणि 100 किंवा त्याहून जास्त असतील तर किमान दोन मेगाफोन लागतात. तपासताना तो ब्रॅकेटमधून काढायचा, ट्रिगर दाबायचा आणि ऐकायचं. बॅटरी ठीक असेल तर बारीकसा ‘टक्’ असा आवाज येतो, काही मॉडेलमध्ये हलकी गुणगुण. त्यात बोलून बघायची गरज नसते. प्रवासी चढत असतील तर बोलूच नये, लोक दचकतात.

अडचण त्या ‘टक्’मध्ये आहे. तो ऐकायला दोन सेकंदांची शांतता लागते, आणि त्या वेळी गॅलीत, म्हणजे खाण्यापिण्याची तयारी होते त्या जागेत, शांतता नसते. केटरिंगवाले मागच्या दारातून ट्रॉल्या चढवत असतात, सफाईचे लोक व्हॅक्यूम फिरवत असतात, एपीयूची, म्हणजे जमिनीवर वीज पुरवणाऱ्या छोट्या इंजिनाची, घरघर चालू असते, ग्राउंड स्टाफ पुढून विचारत असतो, “बोर्डिंग सुरू करू का?” मग कप्पा उघडला जातो, मेगाफोन दिसतो, आणि यादीवर खूण होते. मेगाफोन ‘आहे’ हे पाहिलं गेलं, तो ‘चालतो’ हे पाहिलं गेलं नाही. यादीवर दोन्हींसाठी एकच खूण असते, हा यादीचा दोष आहे असं मला वाटतं. चांगले क्रू यावर साधा उपाय करतात: ट्रिगर दाबताना मेगाफोन कानाला लावतात. गॅलीत कितीही आवाज असो, ‘टक्’ ऐकू येतो.

टॉर्चचंही असंच बारीक आहे. जंप सीटखाली किंवा शेजारी क्लिपमध्ये बसवलेल्या टॉर्चवर एक छोटा लाल दिवा असतो, तो काही सेकंदांनी एकदा लुकलुकतो. ती लुकलुक म्हणजे बॅटरी जिवंत असल्याची खूण. दोन लुकलुकींमध्ये 10 सेकंदांहून जास्त वेळ जात असेल तर बॅटरी उतरायला आली, टॉर्च बदलायला सांगायची. म्हणजे ही तपासणी नीट करायची तर त्या दिव्यासमोर काही सेकंद नुसतं थांबावं लागतं. घाईत असलेल्या माणसाला ते काही सेकंद फार मोठे वाटतात. दिवा एकदा लुकलुकला की तो पुढे निघतो, आणि मधलं अंतर मोजायचं राहून जातं. हानेडाला त्या संध्याकाळी बाहेर अंधार होता आणि आत धूर. विमानातले आपत्कालीन दिवे किमान 10 मिनिटं पुरतील एवढी वीज राखून ठेवलेली असते, नियमाची अट तेवढीच आहे. इथे उतरल्यापासून शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत 18 मिनिटं गेली.

बाकीच्या वस्तू पटकन सांगते. फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा, पिन जागेवर, तिचं सील न तुटलेलं. पोर्टेबल ऑक्सिजन सिलिंडर भरलेला असला की दाब 1,800 पीएसआयच्या आसपास, आणि मास्क सिलिंडरसोबत आहे की नाही हे वेगळं पाहायचं, कारण मागच्या फ्लाइटवर कुणाला ऑक्सिजन दिला असेल तर मास्क हमखास गायब असतो. पीबीईच्या डब्याचं सील आणि आत ओल शिरली नसल्याची खूण. फर्स्ट एड आणि मेडिकल किटचं सील. दरवाज्याच्या स्लाइडचा दाब. लाइफ जॅकेट, लहान मुलांची वेगळी. एकेक करून पाहिलं तर यात अवघड काही नाही.

यात एक गोष्ट मला कायम महत्त्वाची वाटत आली आहे. ज्या जागेवर बसायचं, त्या जागेची तपासणी त्याच माणसाने करायची. एल4 वर, म्हणजे डावीकडच्या चौथ्या दरवाज्याशी, बसणारीने एल4 भोवतीच्या वस्तू तपासायच्या. वेळ वाचवायला कधी कधी पुढचा क्रू मागचंही बघून टाकतो, “मी केलंय गं, तू केटरिंग बघ,” आणि कागदावर सगळं बरोबर असतं. पण हाताला ओळख होत नाही. मेगाफोनचा कप्पा उजवीकडे उघडतो की वर, ब्रॅकेटचा खटका दाबायचा की ओढायचा, टॉर्च क्लिपमधून किती जोराने ओढावी लागते, हे डोळ्यांनी वाचून कळत नाही. विमाने बदलतात, एकाच मॉडेलच्या दोन विमानांत कप्पे वेगळे असतात. सकाळी ज्या हाताने तो खटका उघडला, तोच हात धुरात तो परत शोधू शकतो. उतरण्यापूर्वी जंप सीटवर बसल्यावर क्रूने मनातल्या मनात उजळणी करायची असते: माझा दरवाजा कसा उघडतो, बाहेर काय पाहायचं, पहिली आरोळी कोणती, मदतीला कोण. त्या उजळणीत ‘माझा मेगाफोन कुठे’ हेही यावं, आणि ते तेव्हाच येतं जेव्हा तो हातात घेतलेला असतो.

आणि मेगाफोनने ‘टक्’ केलंच नाही तर? वर्गात या प्रश्नावर बहुतेकांचं पहिलं उत्तर येतं, “मॅम, लीडला सांगायचं.” बरोबर आहे, पण मला त्यापुढचं हवं असतं. लीडने, म्हणजे केबिन क्रूच्या प्रमुखाने, कॅप्टनला सांगायचं, कॅप्टनने लॉगमध्ये नोंद करायची, इंजिनिअरने बघायचं. बॅटरी बदलता आली तर दहा मिनिटांत विषय संपतो. नाही तर एमईएल उघडायची, म्हणजे कोणती वस्तू बंद असताना विमान उडू शकतं त्याची मान्यताप्राप्त यादी. मेगाफोनच्या बाबतीत साधारण तत्त्व असं की नियमाने लागणाऱ्या संख्येपेक्षा जास्त असतील तर जादाचा बंद चालतो, लागणारी संख्या मात्र पूर्ण हवी, आणि बंद असलेला काढून ठेवायचा किंवा त्यावर तशी चिठ्ठी लावायची, म्हणजे ऐनवेळी कुणी त्यावर विसंबणार नाही. यातला शेवटचा भाग मी दोनदा सांगते. बंद मेगाफोन जागेवर तसाच लटकत राहणं हे तो नसण्यापेक्षा वाईट. नसेल तर माणूस लगेच ओरडायला लागतो. बंद असेल तर आधी त्याच्याशी झटापट करतो.

दहा मिनिटांचा उशीर ही साधी गोष्ट नाही, हे मला माहीत आहे. स्लॉट, म्हणजे उड्डाणाची ठरलेली वेळ, जातो, पुढच्या फ्लाइट्स सरकतात, पुढे कुणाचा तरी फोन येतो. नव्या मुलीला, जिचं प्रोबेशन चालू आहे, ‘माझ्या मेगाफोनचा आवाज येत नाहीये’ हे सांगायला धाडस लागतं. नाशिक, कोल्हापूर, नांदेडहून येऊन पहिली नोकरी करणारी ही मुलं असतात. त्यांच्या अंगात हे धाडस यावं असं वातावरण लीडने ब्रीफिंगमध्ये तयार करायचं असतं. “काही सापडलं तर लगेच सांगा, उशीर माझ्या नावावर,” एवढं लीड म्हणाली तरी फरक पडतो.

पुन्हा हानेडाकडे. ए350-900 ला आठ दरवाजे. त्यातले फक्त तीन वापरता आले: पुढचे दोन्ही आणि मागचा डावा. बाकीच्या दरवाज्यांबाहेर आग होती. दरवाजा उघडण्यापूर्वी बाहेर पाहायचं, आणि आग दिसली तर तो अडवून धरून लोकांना दुसरीकडे वळवायचं, हे क्रूला शिकवलेलं असतं. पण मागच्या डाव्या दरवाज्याजवळच्या क्रूसमोर आणखी एक प्रश्न होता. बाहेर पडण्याचा आदेश मागे पोचलाच नव्हता. कॉकपिटशी बोलायची सोय नव्हती. बाहेर पाहून, या दारातून उतरता येईल असं ठरवून, त्या क्रूने आपल्या निर्णयावर दरवाजा उघडला. शेपूट उचललेली असल्यामुळे तिथली स्लाइड नेहमीपेक्षा बरीच उभी होती, तरी लोक त्यावरून खाली गेले. कॅप्टन कॉकपिटमधून बाहेर येऊन ओळी तपासत मागे गेले, राहिलेल्यांना बाहेर काढलं, आणि 6 वाजून 5 मिनिटांनी सर्वांत शेवटी उतरले.

या 18 मिनिटांवर नंतर टीका झाली, की नियम 90 सेकंदांत सगळ्यांना बाहेर काढायचा आहे. ती तुलना मला पटत नाही. 90 सेकंद ही विमानाच्या मॉडेलला मान्यता देतानाची चाचणी आहे. त्यात अंधार असतो आणि निम्मेच दरवाजे उघडतात हे खरं, पण विमान सरळ उभं असतं, आग नसते, धूर नसतो, आणि कोणते दरवाजे वापरायचे याचा निर्णय खऱ्या ज्वाळा पाहून घ्यायचा नसतो. इथे 18 मिनिटं उतरल्या क्षणापासून मोजलेली आहेत, घसरत गेलेला वेळही त्यातच. आणि निर्णय एकमेकांशी बोलता न येणाऱ्या लोकांनी आपापल्या जागी घेतले. वेळ कुठे कमी करता आला असता हे जरूर तपासावं. माझ्या मते उत्तराचा मोठा भाग संपर्कातच सापडेल, पुढच्याला मागचं कळलं नाही यात.

प्रवाशांचाही यात मोठा वाटा आहे. सामान घेऊ नका, हे क्रू ओरडून सांगत होते आणि बाहेर आलेल्या चित्रफितींत बहुतांश लोक रिकाम्या हातांनी स्लाइडवरून उतरताना दिसतात. एकाने हॅटरॅक उघडून बॅग ओढली की मागची सगळी रांग थांबते. त्या कंपनीच्या सुरक्षा व्हिडिओत सामान घेतलं तर काय होतं ते स्पष्ट दाखवलेलं आहे. अर्थात व्हिडिओ पाहणं वेगळं आणि धुरात तो आठवणं वेगळं. आठवण करून द्यायला आवाज लागतो, सलग, तोच तोच, प्रत्येकाला कळेल असा.

या कंपनीला हे सगळं फार महाग पडून शिकावं लागलं आहे. 12 ऑगस्ट 1985 रोजी तिचं उड्डाण 123 डोंगरात कोसळून 520 लोक मरण पावले. एकाच विमानाच्या अपघातात इतके मृत्यू दुसरीकडे कुठेही झालेले नाहीत. 2006 मध्ये कंपनीने हानेडाजवळ एक केंद्र उभारलं, तिथे त्या विमानाचे तुकडे आणि प्रवाशांनी शेवटच्या मिनिटांत लिहिलेल्या ओळी ठेवल्या आहेत. कर्मचाऱ्यांना तिथे नेलं जातं. 1985 नंतर जन्मलेल्या क्रूला तो अपघात ऐकीव. पण ते तुकडे पाहिलेला माणूस यादीवर खूण करताना थोडा थांबत असेल, असं मला मनापासून वाटतं.

आपल्यालाही हे प्रकरण लांबचं नाही. हानेडाची टक्कर झाली त्याच जानेवारीत एअर इंडियाची ए350-900 बेंगळुरू-मुंबई मार्गावर प्रवासी घेऊन उडू लागली. विमानाचं मॉडेल तेच आणि दरवाज्यांची संख्याही तीच. जपानच्या तपास मंडळाचा डिसेंबर 2024 चा अंतरिम अहवाल केबिन क्रूच्या प्रत्येक प्रशिक्षकाने वाचावा असा आहे, आणि त्यातला बाहेर पडण्याचा भाग आधी.

आमच्या सरावांत या प्रकरणानंतर दोन बदल झाले. पूर्वी मॉक-अपमधल्या, म्हणजे सरावासाठीच्या नकली केबिनमधल्या, ड्रिलमध्ये पीएवरून ‘इव्हॅक्युएट’ असा आदेश यायचा आणि सगळे दरवाज्यांकडे धावायचे. आता काही ड्रिलमध्ये आदेश येतच नाही. इंटरफोन उचलला तर मुका. धुराचं यंत्र चालू, मागच्या क्रूने स्वतः ठरवायचं. दुसरा बदल तपासणीच्या सरावातला. ड्रिलच्या आधी मॉक-अपची तपासणी प्रशिक्षणार्थींनाच करायला लावतो, आणि कधी कधी एका मेगाफोनची बॅटरी आम्ही आधीच काढून ठेवतो. ज्या बॅचने तो कानाला लावून ऐकला, ती बॅच ड्रिल सुरू व्हायच्या आधी हात वर करते आणि आम्ही बॅटरी देतो. ज्या बॅचने ऐकला नाही, तिला तो बंद असल्याचं धुरात कळतं, आणि मग मागच्या बारा ओळींतले लोक पुढच्या दाराकडे ढकलाढकली करत असताना एक मुलगी बंद मेगाफोनचा ट्रिगर पुन्हा पुन्हा दाबत उभी राहते. ड्रिल संपल्यावर आम्ही कुणाला रागावत नाही. यादी परत हातात देतो आणि तपासणी पहिल्या कप्प्यापासून पुन्हा सुरू करायला सांगतो.